गुरुवारचे घर

गेल्या नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी एक मुलगा भरलेली पिशवी माझ्यासमोर ठेवून निघून गेला आणि ती पिशवी अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक जुने चर्च आहे. त्याच्या मागच्या सभागृहात दर मंगळवारी आसपासच्या सुपरमार्केटांत न विकले गेलेले अन्न टेबलांवर मांडले जाते आणि ज्याला हवे त्याने रांगेत येऊन ते घ्यावे, अशी व्यवस्था आहे. तिथे कुणाला नाव विचारले जात नाही, उत्पन्नाचा पुरावा मागितला जात नाही. मी तीन वर्षांपासून भाजीच्या टेबलामागे उभी राहते. त्या दिवशी कोथिंबीर फार आली होती. पाकिटांतल्या पानांची टोके काळी पडू लागली होती आणि जुड्या निवडता निवडता मी स्वतःशीच म्हणाले, "अगं बाई, ही काही उद्यापर्यंत टिकायची नाही." रांगेतल्या मुलाने चमकून वर पाहिले. विशी नुकतीच ओलांडलेला, पातळ जॅकेट घातलेला मुलगा होता. त्याच्या पिशवीत एक पाव, टोमॅटोचे दोन डबे, केळी आणि दह्याचा मोठा डबा होता. मला इतका आनंद झाला की मी लगेच विचारले, "मराठी का रे तू? कुठला?" त्याने "लातूरचा" म्हटले आणि ते म्हणताच त्याचा चेहरा बदलला. "नाही, म्हणजे मी सहज बघायला आलो होतो, काकू. मित्राबरोबर." त्याच्याबरोबर कुणीही नव्हते. त्याने पिशवी टेबलाच्या कडेला अलगद टेकवली, आतला दह्याचा डबा आडवा होऊ नये म्हणून ती नीट उभी केली, आणि तो दाराबाहेर पडला.

त्याने डबा नीट उभा केला, हेच मला सर्वांत जास्त लागले.

घरी चालत येताना मी विचार करत राहिले की माझे नेमके चुकले काय. मी त्याला नाव विचारले नव्हते, काही बोल लावला नव्हता, उलट मायेनेच बोलले होते. पण 'कुठला' हा आपल्याकडे साधा प्रश्न नसतो. गाव सांगितले की मागून तालुका येतो, आडनाव येते, कुणाच्या तरी मावशीचे घर तिथे निघते. तोवर तो त्या रांगेतल्या चाळीस-पन्नास माणसांपैकी एक होता, आणि त्या रांगेत कुणीच कुणाचे नसल्यामुळे सगळ्यांना सारखेच झाकलेले होते. माझ्या एका शब्दासरशी त्याच्याभोवती त्याचे गाव उभे राहिले. ज्या आईला तो दुपारी फोनवर "जेवलो" म्हणून सांगत असेल ती आई उभी राहिली, शिक्षणासाठी काढलेले कर्ज उभे राहिले. मी त्याला पाव देऊ पाहत होते आणि देता देता त्याचा आडोसा काढून घेतला होता.

हे अन्न आमच्यापर्यंत कसे येते, ते सांगते. आठवड्यातून दोनदा आमच्यापैकी कुणाची तरी दुकानांत जाण्याची पाळी असते. रात्री नऊच्या सुमारास दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन लोखंडी दारावरची घंटा वाजवायची. दार उघडले की ओल्या पुठ्ठ्याचा, थंड धातूचा आणि पिकून गेलेल्या केळ्यांचा मिळून एक वास अंगावर येतो. आतला माणूस चाकांच्या गाडीवर रचलेले क्रेट ढकलत बाहेर आणतो. थंडीत त्या क्रेटच्या कडा बोटांना चावतात. वरच्या क्रेटमध्ये बहुधा पाव असतात, हलके आणि फुगीर. खालच्या क्रेटमध्ये पाकीटबंद सॅलड, चिरलेली फळे, कधी सँडविच, कधी चिकन. गाडीच्या डिकीतल्या दिव्याच्या उजेडात मग तारखा वाचायच्या. इथल्या पाकिटांवर दोन प्रकारच्या तारखा असतात. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि ताजेपणाची तारीख. ती उलटली तरी वस्तू विकता येते, वाटता येते. 'यूझ बाय' ही सुरक्षिततेची तारीख. ती उलटल्यावर वस्तू विकणेही बेकायदा आणि वाटणेही. त्यामुळे ज्या चिकनवर आजची तारीख आहे ते रात्री नऊ वाजता अन्न असते आणि मध्यरात्रीनंतर ते कचरा होते, मध्ये गोठवून तशी नोंद केली तरच ते वाचते. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात आमचा फ्रीजर एका रात्री भरलेला होता आणि चिकनची चौदा पाकिटे हातात होती. मी दोन शेजाऱ्यांची दारे ठोठावली, घरच्या फ्रीजरमध्ये मावतील तेवढी कोंबली, आणि उरलेली पाच पाकिटे दुसऱ्या दिवशी सकाळी फोडून, त्यांतले मांस अन्नकचऱ्याच्या डब्यात टाकले. त्या मांसाला कसलाही वास नव्हता. हातमोजे काढल्यावरही बराच वेळ मला बोटांवर त्याचा गारवा जाणवत होता.

आपल्या भाषेत अन्नाच्या या अवस्थांना किती बारीक नावे आहेत, हे मला त्या सकाळी जाणवले. काल रांधलेले ते शिळे. ताटात वाढून कुणाच्या हाता-तोंडाला लागलेले ते उष्टे. पानाभोवती सांडलेले ते खरकटे. आणि पातेल्यात स्वच्छ राहिलेले ते नुसते उरलेले, ज्याला कसलाही डाग नाही. आईच्या स्वयंपाकघरात या चारांच्या वाटा वेगळ्या होत्या. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी मिळायची, पोळ्यांचा कुस्करा व्हायचा, वरणात कणीक आणि तिखट-मीठ घालून थालीपीठ थापले जायचे. आईने आयुष्यात एकाही वस्तूवरची तारीख वाचली नाही. ती दुधाचा वास घ्यायची, वांग्याचे देठ पाहायची, नारळ कानाशी धरून हलवायची. सुपरमार्केटच्या मागच्या दारातून जे बाहेर येते त्याला मात्र यांतले कोणतेच नाव चपखल बसत नाही. ते कुणी रांधलेले नाही, कुणाच्या पानात पडलेले नाही, त्याला कुणाचा हात लागलेला नाही. त्याच्यावर फक्त एक छापील दिवस आहे. २०२२ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर आणि वेटरोज या सुपरमार्केटांनी बऱ्याचशा ताज्या फळभाज्यांवरून 'बेस्ट बिफोर' तारीख काढून टाकली, तेव्हा मला आईची फार आठवण झाली. सफरचंद हातात घेऊन दाबून पाहा, असेच ते सांगत होते.

पण आईच्या स्वयंपाकघराची आठवण निर्मळ नाही आणि तशी ती मी सांगूही नये. आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी येत. फोडणीच्या भातानंतरही जे उरे ते त्यांना मिळे. त्यासाठी जर्मनचे एक वेगळे पातेले होते. एका पाडव्यानंतर दोन दिवसांनी आईने त्यांना बासुंदी दिली. फ्रीजमध्येच होती, पण वीज बराच वेळ गेलेली होती. मावशी म्हणाल्या, "घेते, वहिनी," आणि पदराखाली डबा झाकून निघाल्या. मी खिडकीत बसले होते. फाटकाबाहेर पोचल्यावर त्यांनी झाकण उघडले, वास घेतला, क्षणभर थांबल्या, मग गटाराच्या कडेला बसून सगळी बासुंदी ओतून टाकली आणि डबा तिथल्याच नळाखाली विसळून घेतला. दुसऱ्या दिवशी आईने विचारले, "मुलांना आवडली का?" त्या म्हणाल्या, "हो, आवडली ना." मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मी आईला काहीच सांगितले नाही, आणि त्या दिवशी मावशींच्या नजरेला नजरही दिली नाही. आई दुष्ट नव्हती. तिला खरोखरच वाटत होते की तिने चांगले काही दिले. आज भाजीच्या टेबलामागे उभी असताना माझे हात एखाद्या लिबलिबीत काकडीवर थबकतात तेव्हा मला तो विसळलेला डबा दिसतो आणि ती काकडी मी कंपोस्टच्या डब्यात टाकते. माझ्याबरोबर काम करणारी एक आयरिश बाई म्हणते की एवढे काय, खालचा भाग कापून टाकला की झाले. घरी मीही तसेच करते. पण ते माझे घर असते, आणि कापायचे की नाही हे माझ्या हातात असते.

दुकानांत एवढे उरते तरी का, असे मला भारतातले नातेवाईक विचारतात. त्यांना वाटते की कुणीतरी निष्काळजी असेल. मागच्या दारातून क्रेट देणारी माणसे निष्काळजी नसतात. त्यांतल्या एकाचे तर पाव टाकावे लागतात तेव्हा डोळे भरून येतात. उरण्याचे कारण दुकानाच्या रचनेतच आहे. रात्री आठ वाजता येणाऱ्या शेवटच्या गिऱ्हाइकालाही भरलेली फळी दिसली पाहिजे, हा इथला दंडक आहे. अर्धी रिकामी फळी म्हणजे दुकानाची नाचक्की. म्हणून उद्या किती लागेल याचा अंदाज नेहमी वरच्या बाजूला धरला जातो. शनिवार-रविवारी ऊन पडणार असे हवामान खाते म्हणाले की बर्गरचे पाव, स्ट्रॉबेरी आणि क्रीम यांचे ढीग मागवले जातात, आणि मग पाऊस लागतो. या देशात तो लागतोच. त्या मंगळवारी आमच्या सभागृहात स्ट्रॉबेरीचा वास दरवळत असतो आणि आधीच्या आठवड्यात कांदा मागून गेलेली बाई पुन्हा कांदा आहे का, असे विचारते.

कांदा नसतो.

ही गोष्ट समजायला मला पहिले वर्ष लागले. उरते ते नाशवंत, आणि गरज असते ती टिकाऊ वस्तूंची. तांदूळ, डाळ, तेल, पीठ, चहा, साबण हे दुकानात सहसा उरत नाही, कारण ते आज विकले गेले नाही तर पुढच्या महिन्यात विकले जाते. उरतात ते पाव, डोनट, क्रीमचे केक, पाकिटातली पाने. त्यामुळे ज्या घरात तीन दिवस नीट स्वयंपाक झालेला नाही त्या घरात आमच्या टेबलावरून लिंबाच्या पाकाचा केक जातो. मुले हरखून जातात, हे खरेच आहे, आणि मुलांनी का हरखू नये? पण आईच्या चेहऱ्यावरचा हिशेब मला दिसतो. दुसरीकडे असेही होते की शिजवायचे अन्न परत येते. मार्च २०२२ मध्ये, विजेचे आणि गॅसचे दर भडकले होते तेव्हा, आइसलँड या सुपरमार्केटचे प्रमुख रिचर्ड वॉकर यांनी बीबीसी रेडिओवर सांगितले होते की फूड बँकांत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांत, काही लोक बटाटे नको म्हणत आहेत, कारण ते उकडण्याइतके इंधन त्यांना परवडत नाही. आमच्याकडेही एका आजोबांनी बटाट्यांची पिशवी परत ठेवली होती. त्यांच्या घरी आधी पैसे भरून चालणारा मीटर होता. त्यानंतर आम्ही किटलीतल्या उकळत्या पाण्यावर होणाऱ्या वस्तूंचा एक खोका वेगळा ठेवू लागलो. इथल्या बऱ्याच फूड बँकांत असा खोका असतो.

दुकानातले उरलेले अन्न भुकेल्यापर्यंत नेण्याची ही कल्पना मुळात एका आईच्या तोंडून आली, असे सांगतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे एक गृहस्थ गरिबांसाठीच्या स्वयंपाकघरात काम करत होते. त्यांना एक बाई भेटली. ती मुलांसाठी दुकानांच्या मागच्या कचऱ्यातून अन्न वेचत असे. ती त्यांना म्हणाली की पैसे जसे बँकेत ठेवतात तसे हे अन्न फेकण्याऐवजी ठेवायला एखादी जागा हवी. १९६७ मध्ये व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. इंग्लंडमध्ये १९९४ मध्ये बेघरांसाठी काम करणारी क्रायसिस ही संस्था आणि सेन्सबरीज हे सुपरमार्केट यांनी मिळून फेअरशेअर उभी केली; ती आज कारखाने आणि दुकाने यांच्याकडचे जादा अन्न देशभरच्या हजारो लहान संस्थांना पोचवते. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदाच केला. चारशे चौरस मीटरहून मोठ्या दुकानांनी खाण्याजोगे अन्न मुद्दाम नासवायचे नाही आणि धर्मादाय संस्थांशी करार करायचा. नासवायचे नाही असे कायद्यात लिहावे लागले, कारण कुणी कचऱ्यातून वेचून खाऊ नये म्हणून काही ठिकाणी फेकलेल्या अन्नावर ब्लीच ओतले जात असे. ते वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. आपल्याकडेही भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाचे संकलन आणि वाटप यांचे नियम २०१९ मध्ये केले आणि ते १ जुलै २०२० पासून लागू झाले.

मी हे सारे मनापासून चांगले मानते. डिकीतल्या दिव्याखाली तारखा वाचणे मला आवडते. जे अन्न कुणीतरी पिकवले, ज्यासाठी पाणी ओढले, ट्रक चालवले, ते मातीत जाण्यापेक्षा माणसाच्या पोटात जावे, यापलीकडे त्याचे समर्थन करण्याची गरज मला वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सुमारे ६० टक्के तुमच्या-आमच्या घरांत गेले आणि दुकानांच्या वाट्याचे १२ टक्के होते. तो आकडा वाचल्यापासून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातली मऊ पडलेली मिरची काढताना दुकानाला नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण माझ्या मनात सलणारी गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमध्ये ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक २००० मध्ये सॉल्सबरीत एका घराच्या आवारात सुरू झाली. २०२३-२४ या वर्षात त्यांच्या जाळ्यातून ३१ लाखांहून अधिक शिधापिशव्या गेल्या. सॉल्सबरीपासून इथपर्यंत येताना वाटणारे हात वाढले आणि रांगही वाढली. दुकानाचे उरलेले आणि माणसाची भूक ही दोन्ही एकमेकांना मिटवतील, असा एक समज हळूहळू घट्ट होतो आहे. प्रत्यक्षात एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दुकानाचा अंदाज चुकला तर आमच्या रांगेतल्या माणसाला जेवण, आणि दुकानाचा अंदाज बरोबर आला तर त्या दिवशी टेबल रिकामे. चांगल्या संगणकामुळे दुकानात कमी उरू लागले, ही बातमी आनंदाची की काळजीची, हे आमच्या बैठकीत एकदा कुणालाच ठरवता आले नाही.

त्या मुलामुळे मला माझ्या आजोबांची आठवण येणे अटळ होते. वडिलांचे वडील कोकणातून पुण्यात शिकायला आले ते १९३० नंतरच्या वर्षांत. घरून पैसे येत नसत. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते वार लावून जेवत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, असा आठवडा ते म्हातारपणीही बोटांवर मोजून दाखवत. सोमवारच्या घरी ताक आंबट असे, पण भरपूर. बुधवारच्या बाईंच्या हातची आमटी अशी की तिचा वास जिन्यातच येई. शनिवारच्या घरी त्यांना सगळ्यांची पाने उठल्यावर दाराजवळ वाढत आणि ते भराभर जेवून उठत. हे सांगताना ते हसत आणि आम्हा मुलांना तो मोठा गमतीचा खेळ वाटे. आजोबा दर गुरुवारी उपास करत. दत्ताची त्यांची भक्ती म्हणून आम्ही ते गृहीत धरले होते; आजी गुरुवारी साबुदाणा भिजवून ठेवी. ते गेल्यानंतर तेराव्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाने सहज बोलता बोलता सांगितले की दादाला पुण्यात सहाच घरे मिळाली होती. गुरुवारचे घर त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. लाज वाटू नये म्हणून तो माझा गुरुवारचा उपास असतो असे सांगायचा, आणि मग तो उपास त्याने सोडला नाही.

साठ वर्षे.

आजीला हे ठाऊक होते का, ते मी कधी विचारले नाही. आणि हेही सांगायला हवे की ती सहा घरे आजोबांना मिळाली ती त्यांच्या जातीमुळे. त्यांच्याच वर्गात पुण्याबाहेरून आलेली अशीही मुले असतील की ज्यांच्यासाठी गुरुवारच काय, एकाही वाराला त्या वाड्यांत घर नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी माणसे उभी राहावी लागली. माझे आजोळ साताऱ्याकडचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि ती मुले एका पंगतीत जेवू लागली, हे आजोळी घरातलेच कुणी असावे अशा आपुलकीने सांगितले जाई. आईची आई मुष्टिफंडाची गोष्ट सांगे. गावोगावच्या बायका रोज रांधायला घेताना पिठातली किंवा धान्यातली एक मूठ आधी बाजूच्या गाडग्यात टाकत, आणि ते गाडगे भरले की बोर्डिंगची माणसे येऊन ते घेऊन जात. आजीच्या हाताची मूठ कशी वळे ते मला आठवते, कारण गोष्ट सांगताना ती खरोखरच मूठ करून दाखवी. ती मूठ जेवण झाल्यावर उरल्यातली नव्हती. चूल पेटण्याआधीच ती काढलेली असे, घरात त्या दिवशी पुरेल की नाही हे कळण्याच्याही आधी. आमच्या टेबलावर जे येते ते सगळे विकून झाल्यावरचे, घड्याळात नऊ वाजल्यानंतरचे असते. दोन्हीने पोट भरते. पण बोर्डिंगातल्या मुलाला माहीत होते की कुणीतरी सकाळी आपली आठवण काढली आहे.

नोव्हेंबरनंतर मी बैठकीत एक मागणी केली आणि ती मान्य झाली. महिन्याला जी थोडीशी वर्गणी जमते तिच्यातून आधी कांदे, तेल, तांदूळ आणि मसूर घ्यायचे, आणि मग उरलेल्या पैशांत पिशव्या, हातमोजे, व्हॅनचे पेट्रोल. दोघांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की आपण वाया जाणारे अन्न वाचवायला जमलो आहोत, वाणसामान विकत घेऊन वाटायचे काम फूड बँकेचे आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. आमच्या संस्थेच्या कागदावर उद्देश तोच लिहिलेला आहे. तरी नारबरो रोडवरच्या एका दुकानातून कांद्याची पहिली गोणी आली तेव्हा त्या विरोध करणाऱ्यांपैकी एकानेच ती पाठीवरून आत आणली. गोणी टेबलाखाली सोडवली आणि कांद्याचा तो कोरडा, मातकट वास सभागृहात पसरला. तिथे तीन वर्षांत मी पहिल्यांदाच घरासारखा श्वास घेतला.

आणि आता मी कुणाला 'कुठला' असे विचारत नाही. रांगेत विद्यार्थी वाढले आहेत, त्यांत आपली मुले पुष्कळ आहेत. हैदराबादची, सुरतेची, आपल्या मराठवाड्यातली. त्यांच्या व्हिसावर शिकण्याच्या दिवसांत आठवड्याला वीस तासच काम करता येते आणि सरकारी मदत घेण्याची मनाई असते. फूड बँक किंवा आमच्यासारखी टेबले त्या मनाईत येत नाहीत, पण ते अनेकांना माहीत नसते आणि विचारायची भीती वाटते. शिवाय मागे कॅनडातून एक चित्रफीत सगळीकडे फिरली होती, तिथल्या फूड बँकांतून आपल्याला फुकट वाणसामान कसे मिळते हे सांगणारी. लोक संतापले. २०२३ च्या अखेरीस ब्रॅम्प्टनमधल्या एका फूड बँकेने परदेशी विद्यार्थ्यांना अन्न देणे थांबवल्याचीही बातमी होती. आमच्या वेळी आम्ही कसे काढले, असे सुस्थितीतले आपलेच लोक इथल्या दिवाळीच्या जेवणात तावातावाने बोलताना मी ऐकले आहे, हातातल्या ताटात अर्धी जिलबी तशीच टाकून. लातूरच्या त्या मुलानेही हे कुठेतरी ऐकले असणार. मराठी आवाज कानावर पडताच त्याला आपले माणूस भेटले असे वाटले नाही, आपल्याला कुणीतरी पाहिले असे वाटले. यात दोष त्याचा नाही.

त्याची पिशवी त्या रात्री मी कुणाला दिली नाही. दही घरी आणले. चार दिवस ते फ्रिजमध्ये ठेवले, तो येईल म्हणून नव्हे, तो येणार नाही हे मला कळत होते. पण डबा उघडायला हात होत नव्हता. पाचव्या दिवशी त्यातले एक चमचाभर घेऊन मी विरजण लावले. इथल्या थंडीत दही लागायला रात्रभर रेडिएटरजवळ ठेवावे लागते. सकाळी चांगले घट्ट लागले होते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये दूध घ्यायला गेले होते. संध्याकाळचे सात वाजले असतील. तिथे कोपऱ्यात एक कपाट असते, तारीख जवळ आलेल्या वस्तूंचे. दुकानातला माणूस हातातल्या छोट्या यंत्राने त्यांच्यावर पिवळी लेबले चिकटवत जातो आणि त्याच्या मागे-पुढे माणसे रेंगाळत असतात. त्या कपाटासमोर सूटमधले गृहस्थ असतात, आज्या असतात, नर्सेस असतात. स्वस्त वस्तू घेण्यात कुणाला काही वाटत नाही, कारण ती विकत घेतलेली असते. मी पालकाचे एक पाकीट उचलले, पिवळ्या लेबलावर पंचाहत्तर पेन्स लिहिले होते. शेजारून आवाज आला, "काकू, ते आत्ता घेऊ नका." तोच होता. त्याच्या जॅकेटवर कुठल्यातरी गोदामाचे ओळखपत्र लटकत होते आणि हातातल्या टोपलीत पावाचे एक पाकीट होते. त्याने मला ओळखले होते आणि मी त्याला ओळखले हेही त्याच्या लक्षात आले होते. त्या मंगळवारविषयी तो बोलला नाही, मीही बोलले नाही.

"तो अर्ध्या तासाने परत येतो," त्याने लेबलवाल्या माणसाकडे मानेने दाखवले. "तेव्हा हेच वीस पेन्सला मिळतं. पण पालक खालच्या थरातला बघा, वरचा ओला असतो. आणि ते मोठ्या डब्यातलं दही दिसलं तर सोडू नका, त्याचं विरजण चांगलं लागतं. मी लावून बघितलंय."

"रेडिएटरजवळ ठेवतोस का?" मी विचारले.

"नाही. रात्रभर रेडिएटर चालू ठेवत नाही आम्ही. कांबळ्यात गुंडाळतो आणि पायाशी घेऊन झोपतो."

मी पालकाचे पाकीट परत कपाटात ठेवले. त्याने ते उचलून मागच्या बाजूला, इतरांच्या नजरेस लवकर पडणार नाही असे सरकवले, आणि आम्ही दोघे तिथेच उभे राहून अर्धा तास होण्याची वाट पाहू लागलो.